बायपासनंतरचे घरचे तीन महिने : काय करायचं, काय टाळायचं आणि का

बायपास झाली की हल्ली साधारण आठवड्याभरात माणूस घरी येतो. सोबत जाडजूड फाइल, औषधांची पिशवी आणि तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं यंत्र. डिस्चार्जच्या गडबडीत सिस्टरने भराभर सांगितलेल्या सूचना असतात, त्यातल्या निम्म्या गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला लागेपर्यंत डोक्यातून गेलेल्या असतात. हॉस्पिटलात तीन पाळ्यांचा स्टाफ जे काम करत होता, ते आता घरातला एकच माणूस करणार असतो. बहुतेक वेळा बायको किंवा नवरा.

घरी होणाऱ्या चुका दोन टोकांच्या असतात. पहिल्या पंधरवड्यात नको इतकं जपलं जातं आणि महिन्याभराने नको इतकी मोकळीक मिळते. आत नेमकं काय भरून यायचं आहे आणि त्याला किती वेळ लागतो, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून हे होतं.

फाइलमधल्या त्या ओळीचा अर्थ

डिस्चार्ज समरीत कुठेतरी ‘सीएबीजी × २, लिमा टु एलएडी, एसव्हीजी टु ओएम’ अशी एक ओळ असते. सीएबीजी म्हणजे बायपासचं ऑपरेशन. पुढचा आकडा म्हणजे किती ठिकाणी नवी वाट जोडली ते. ‘लिमा’ ही छातीच्या आतल्या भिंतीवरून जाणारी डावी धमनी आणि ‘एसव्हीजी’ म्हणजे पायातून काढलेली शीर. एलएडी, ओएम ही हृदयावरच्या रक्तवाहिन्यांची नावं. एवढं कळलं की जखमा कुठे असणार तेही कळतं : छातीच्या मधोमध, पायावर, आणि धमनी हातातून घेतली असेल तर मनगटाच्या वरही.

जोडलेल्या वाहिन्यांमधून रक्त ऑपरेशन थिएटरमध्येच वाहायला लागलेलं असतं. घरी भरून यायचं असतं ते मुख्यतः छातीचं मधलं हाड. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी ते वरपासून खालपर्यंत उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. (तारा कायम आतच राहतात. विमानतळावर वाजतील का, ही शंका बहुतेकांना असते. सहसा वाजत नाहीत.)

ठाण्यात बांधकामं पाहून पाहून सगळ्यांचे डोळे सरावलेत, म्हणून हा दाखला चालेल : स्लॅब चार दिवसांत कडक दिसायला लागतो, पण खालचे टेकू कुणी लगेच काढत नाही. छातीतल्या तारा म्हणजे ते टेकू. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, दुखणं महिन्याभरात बरंच कमी होतं. हाड मात्र चांगलं सांधायला सहा ते आठ आठवडे घेतं आणि पुरतं मजबूत व्हायला जवळजवळ तीन महिने. मधुमेह, तंबाखू, फार वजन किंवा जुना खोकला असेल तर आणखी उशीर होतो. चौथ्या आठवड्यात ‘आता दुखत नाही’ असं माणूस म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ हाड जुळलं असा होत नाही.

उठवताना हात देऊ नका

घरच्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक मायेपोटी होते. पलंगावरून उठताना ‘जरा हात दे गं’ म्हटलं की आपण दोन्ही हात धरून ओढतो, नाहीतर काखेत हात घालून उचलतो. दोन्हींत छातीचे स्नायू हाडाचे दोन भाग बाजूला खेचतात.

उठण्याची पद्धत अशी. छातीवर उशी दोन्ही हातांनी कवटाळायची. गुडघे दुमडायचे. खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर व्हायचं, मधे पीळ पडू द्यायचा नाही. मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे. पायांच्या वजनानेच धड वर यायला लागतं. तुमचं काम फक्त पाठीमागून खांद्याखाली तळहाताचा आधार द्यायचं. कडेवर बसल्यावर मिनिटभर थांबायचं. नव्या गोळ्यांनी प्रेशर उतरलेलं असतं आणि लगेच उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात पडण्याचे प्रसंग बहुधा याच मिनिटात, पहाटे लघवीला उठताना घडतात.

तीच उशी खोकताना, शिंकताना आणि उचकी लागल्यावरही छातीशी घट्ट धरायची. गाडीत सीटबेल्ट आणि छातीच्या मधे ती ठेवली की खड्ड्यांचा दणका कमी बसतो. हॉस्पिटलातून घरी आणताना रिक्षा नको. उडी बसली की हात आपोआप पुढचा दांडा पकडायला जातो.

झोपताना चार ते सहा आठवडे पाठीवर, पाठीमागे उशा रचून थोडं उंचावर. पलंग फार खाली असेल तर खाली ठोकळे लावा. जमिनीवर गादी आणि भारतीय पद्धतीचं संडास, दोन्ही काही आठवडे बंद. उकिडवं बसून उठताना सगळा भार हातांवर येतो. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते, बरेच दुकानदार भाड्यानेही देतात.

किती वजन म्हणजे जड?

पहिले सहा ते आठ आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही नको. भाजीची भरलेली पिशवी यात बसत नाही. वरण लावलेला पाच लिटरचा कुकर बसत नाही, लॅपटॉपची बॅग बहुधा बसत नाही, नातवंड तर नाहीच. पाण्याचा वीस लिटरचा जार म्हणजे सरळ वीस किलो. भरलेला सिलिंडर तीसच्या आसपास.

पण वजनापेक्षा फसवी असते ती ओढाताण. जुन्या इमारतीतल्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा एका हाताने सरकवणं, गच्च बसलेलं बरणीचं झाकण, अडकलेली सरकती खिडकी, कपडे पिळणं, लादी पुसणं. यात वजन काहीच नाही, पण ताण थेट छातीवर येतो. दोन्ही हात एकत्र, अंगाजवळ ठेवून हलकं काम केलेलं चालतं. खांदे मात्र अगदी बांधून ठेवायचे नाहीत. फिजिओने शिकवलेले हलके व्यायाम केले नाहीत तर महिन्याभरात खांदा आखडतो.

बायको पेशंट असेल तर हा भाग दोनदा वाचा. नवऱ्याची बायपास झाली की तो दोन महिने सोफ्यावर बसतो आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. बायकोची झाली की ती तिसऱ्या आठवड्यात ‘एवढ्या चार पोळ्या लाटते’ म्हणून ओट्याशी उभी राहते. कणीक मळणं हे दोन्ही तळहातांनी जोर लावून ढकलणंच आहे. ठाणे-नवी मुंबईत पोळीभाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, दोन महिने तिथून पोळ्या आणल्याने संसार बुडत नाही. शिवाय बायकांच्या बाबतीत स्तनांच्या वजनाने जखमेच्या खालच्या टोकावर ताण येतो. तारा नसलेली, मऊ, पुढून हुक असलेली ब्रा दिवसा आणि डॉक्टर म्हणतील तर रात्रीही घालावी. हे सांगायला अनेकदा कुणालाच सुचत नाही.

गोळ्यांच्या डब्यातला घोळ

आधी चिठ्ठीची भाषा : ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागली तरच.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे ऑपरेशनच्या आधीच्या सगळ्या गोळ्या डब्यातून बाहेर काढणं. जुनी प्रेशरची गोळी आणि नवी प्रेशरची गोळी हे दोन कंपन्यांचं एकच औषध असू शकतं, आणि दोन्ही चालू राहिल्या की नाडी व प्रेशर धोकादायक खाली जातं. दुसरा घोळ जोडगोळ्यांचा. एकाच कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध असतं. ते चालू असताना घरात पडलेली ‘इकोस्प्रिन’ही घेतली की अ‍ॅस्पिरिन दुप्पट होतं. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

पँटोप्रॅझोल ही पित्ताची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. लघवीची गोळी सकाळी, नाहीतर रात्रभर उठबस. अ‍ॅस्पिरिनची आवरण असलेली गोळी कुटून द्यायची नाही. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, ठोके उसळतात. ‘बायपास झाली, आता रक्त पातळ करायची गोळी कशाला?’ असं विचारलं जातं. नव्या वाहिनीत गुठळी होऊन ती बंद पडू नये म्हणून. अ‍ॅस्पिरिन साधारणपणे जन्मभर असते आणि दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवत नाहीत.

दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेलं पॅरासिटामॉल पुरतं. केमिस्टकडून मनाने आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी बायपासच्या पेशंटला देऊ नका. हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनीवर ताण आणि रक्तस्राव, सगळ्यांचाच धोका वाढतो. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी प्रेशर चढतं, त्याही विचारूनच.

झडप बदलली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी वेगळी असू शकते आणि तिच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या तारखेलाच करायची असते. तो स्वतंत्र विषय आहे.

रोज सकाळी पाच मिनिटं, एक वही

उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. रोज त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, साठलेलं पाणी आहे. त्याच दिवशी फोन करायचा. दम लागायच्या आधी वजनाचा काटा सांगतो, म्हणून तो प्रेशरच्या मशीनपेक्षाही उपयोगी.

मग पाच मिनिटं शांत बसवून प्रेशर आणि नाडी, त्यानंतर ताप. जखम उजेडात नीट बघायची. मधुमेह असेल तर साखर. इथे एक गोम आहे. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या ताणाने साखर चढलेली असते आणि इन्सुलिन त्या हिशेबाने ठरतं. घरी ताण उतरतो, जेवण निम्मं होतं, आणि तोच डोस जास्त पडतो. घाम, थरथर, बरळणं दिसलं की साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

पायाची शीर काढली असेल तर त्या पायाला सूज येणारच. बसताना पाय उंचावर. लांब घट्ट मोजे दिले असतील तर सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचे. रात्रभर पाय वर ठेवूनही सूज उतरत नसेल किंवा पोटरी दुखून कडक झाली असेल तर दाखवायला हवं. घोट्याजवळचा आणि छातीच्या डाव्या बाजूचा बधिरपणा मात्र अपेक्षित आहे, काही महिने राहतो.

आंघोळीला सर्जनने परवानगी दिली की कोमट पाणी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, दहा मिनिटांत. बादली तुम्ही उचला. जखम घासायची नाही, टॉवेलने टिपायची. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, खासकरून मे-जूनमध्ये, घामाने जखमेची वरची आणि खालची टोकं ओली राहतात. सैल सुती कपडे आणि पंखा हवा.

तीन चेंडूंचं यंत्र फुंकायचं नसतं

नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते. पहिला चेंडू उचलायला सेकंदाला ६०० मिली, दुसऱ्याला ९०० आणि तिसऱ्याला १२०० इतक्या वेगाने श्वास घ्यावा लागतो. चेंडू दोन-तीन सेकंद वर तरंगत ठेवायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, पण सलग भराभर नको, चक्कर येते. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ साठतो आणि ताप येतो. हे टाळण्यासाठी ही कसरत.

‘आराम करू दे, चालवता कशाला?’

भेटायला येणारा प्रत्येक जण हे म्हणतो. पडून राहिल्याने पायात गुठळी, छातीत कफ, बद्धकोष्ठ आणि स्नायूंची झीज होते. पहिल्या आठवड्यात घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग दर एक-दोन दिवसांनी मिनिटभर वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे. आधी मजल्यावरचा कॉरिडॉर, मग सोसायटीचं आवार, मग सपाट रस्ता. ठाण्यात तलावपाळी किंवा उपवन, नवी मुंबईत वाशीचं सागर विहार किंवा नेरूळचं ज्वेल. जायचं ते सकाळी, संध्याकाळच्या गर्दीत धक्का लागतो.

नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगी आणि सिडकोच्या चार मजली इमारती, यातल्या कित्येकांना लिफ्ट नाही. जिना चढायला बंदी नसते. हॉस्पिटलातून सोडायच्या आधी फिजिओ बहुधा पायऱ्या चढवून बघतात. कठड्याला हात फक्त तोलासाठी, अंग ओढून वर घ्यायचं नाही. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगा. पहिले दोन आठवडे चढउतार दिवसातून एकदाच पुरे.

‘अशक्तपणा आहे, तूप-शिरा खाऊ दे’

पहिले काही आठवडे तोंडाला चव नसते, वासाने मळमळतं. पोटभर तीन जेवणांऐवजी थोडं थोडं सहा वेळा द्या. जखम आणि हाड भरायला प्रथिनं लागतात, तुपाने ती मिळत नाहीत. डाळ, उसळ, ताक, पनीर, अंड्याचा पांढरा भाग, वाफवलेले किंवा कालवणातले मासे चालतात. सुकट, सुके बोंबील, लोणचं, पापड यांत मीठ ठासून भरलेलं असतं आणि मीठ पाणी धरून ठेवतं. दिवसाचं सगळं मिळून मीठ एक चहाचा चमचा, पाच ग्रॅमच्या आत. ‘पाणी भरपूर प्या’ हा सल्लाही सरसकट लागू नाही. डॉक्टरांनी दीड लिटरची मर्यादा घातली असेल तर त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं आणि नारळपाणी दोन्ही विचारून.

दुखण्याच्या आणि लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. कुंथणं नको, म्हणून दोन दिवस वाट न बघता डॉक्टरांनी लिहून दिलेलं सिरप सुरू करा. इसबगोलला पाणी जास्त लागतं, पाण्यावर मर्यादा असेल तर ते नको.

चिडचिड, रडू आणि रात्रीची झोप

कधी न रडलेला माणूस टीव्हीवरची बातमी बघून रडतो. नाव आठवत नाही, पेपरचं पान वाचून होत नाही, रात्री दोनला जाग येते. हे खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांच्या वर सतत उदासी, जेवणा-औषधाला नकार, ‘कशाला जगलो’ अशी भाषा असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत आणि ते हृदयाच्या औषधांबरोबर देता येतात.

सांभाळणाऱ्याची झोप मोडली की गोळ्या चुकतात. आठवड्यातून दोन रात्री मुलगा, सून, दीर, बहीण, कुणीतरी झोपायला यावं. भेटायला येणाऱ्यांना एक तास ठरवून द्या. सर्दी-खोकला असलेल्यांना खुशाली फोनवर.

कधी थांबायचं नाही

छातीत पूर्वीसारखा दाब, बसल्या जागी दम, बेशुद्धी, तोंड वाकडं होणं किंवा शब्द अडखळणं, विश्रांतीतही नाडी १२० च्या वर : सरळ १०८ ला फोन. गेट उघडा आणि लिफ्ट खाली धरून ठेवायला वॉचमनला सांगा, फाइल हाताशी ठेवा. जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर बसवूनच द्या, उभ्याने प्रेशर पडतं. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. हाड नुकतं जोडलंय म्हणून हात आखडू नका.

त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करायच्या गोष्टी वेगळ्या : १००.४ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, कूस बदलताना छातीत ‘कट्’ असा आवाज किंवा हाड सरकल्याची जाणीव, नाडी एकदम अनियमित होणं, आणि ५० च्या खाली नाडी. अनियमित ठोक्यांचा त्रास बायपासनंतर बऱ्याच जणांना होतो, बहुधा पहिल्या काही दिवसांत, पण घरी आल्यावरही होऊ शकतो. उपचार सोपे आहेत, अंगावर काढलं तर गुठळीचा धोका.

स्कूटर, लोकल आणि जवळीक

कार चालवणं साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर. स्कूटरला आठ ते बारा आठवडे. हँडल, ब्रेक आणि खड्डा, तिन्हींचा दणका हातांतून छातीत जातो. मागे बसणंही तोवर नको.

जवळीक कधी, हे विचारायला दोघेही लाजतात आणि डॉक्टर बऱ्याचदा स्वतःहून सांगत नाहीत. दोन मजले सलग चढून दम लागत नसेल तर हृदयाला ते झेपतं. बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांनी. छातीवर किंवा हातांवर भार येणार नाही असं बघायचं. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर व्हायग्रासारखी गोळी चुकूनही घ्यायची नाही, प्रेशर एकदम कोसळतं.

बैठं काम सहा ते आठ आठवड्यांनी सुरू करता येतं, अंगमेहनतीचं बारा आठवड्यांनी. पण ठाण्याहून सीएसएमटीला किंवा ट्रान्सहार्बरने वाशीला जाणाऱ्याचा प्रश्न ऑफिसातल्या खुर्चीचा नसतो, गाडीत चढण्याचा असतो. दांडा धरून आत खेचून घेणं, वरच्या कडीला लटकणं, मागून येणारा रेटा, हे सगळं तीन महिने वर्ज्य. मधल्या काळात घरून काम किंवा उशिराची ड्यूटी मागायची असेल तर सहाव्या आठवड्याच्या तपासणीलाच फिटनेस सर्टिफिकेटवर ‘गर्दीच्या वेळी प्रवास नको, वजन उचलणं नको’ असं स्पष्ट लिहून घ्या. त्याच खेपेला औषधांची आणि तपासण्यांची बिलंही फाइलला लावा. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसी डिस्चार्जनंतरचा ६० किंवा ९० दिवसांचा खर्च देतात, पण मूळ बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही असतील तरच.